ॲपवरचे खाते आणि हातातली रोकड : वाईतील एका फराळ व्यवसायाचे प्रकरण

वाई शहरात राहत्या घरातून दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका महिलेसमोर ऑक्टोबर २०२५ मध्ये जी अडचण उभी राहिली, तिचा हा तपशीलवार अभ्यास आहे. तिच्याकडे ६८,००० रुपयांची रोकड आणि ९२,५०० रुपयांचा धनादेश होता. तिच्या नावावर बँकेचे खाते होते आणि त्या खात्यात यूपीआयचे व्यवहार रोज विनातक्रार होत होते. तरीही हे १,६०,५०० रुपये त्या खात्यात भरायचे कसे, याचे उत्तर तिला ना ॲपवर मिळत होते, ना बँकेच्या शाखेत. मी सातारा जिल्ह्यातील बचत गटांच्या महिलांना बँकेच्या कामांत मदत करतो आणि त्या निमित्ताने हे प्रकरण माझ्याकडे आले. संबंधित महिला, ॲप चालवणारी कंपनी आणि बँका यांची नावे येथे दिलेली नाहीत. रकमाही किंचित गोल केल्या आहेत.

परिस्थिती

या महिलेचे खाते डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या पुतण्याने तिच्याच मोबाइलवर उघडून दिले होते. आधार क्रमांक टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी भरला, पॅन क्रमांक दिला आणि काही मिनिटांत खाते सुरू झाले. आधी तिचे पैसे घरातल्या डब्यात आणि थोडेफार नवऱ्याच्या खात्यात असत. स्वतःच्या नावाचे, स्वतःच्या फोनवर दिसणारे आणि क्यूआर कोड लावता येणारे खाते ही तिच्यासाठी मोठी सोय होती. ती सोय खरी होती, हे आधीच नोंदवतो, कारण पुढचे सगळे वाचून ॲपवरचे खाते घेऊच नये असा निष्कर्ष कोणी काढू नये.

दिवाळीच्या हंगामात चकली, शेव, चिवडा, करंज्या आणि अनारसे यांच्या मागण्या वाढल्या. घरगुती ग्राहकांपैकी अनेकांनी रोख दिली. एका कर्मचारी पतसंस्थेने सभासदांना वाटण्यासाठी घेतलेल्या फराळाच्या डब्यांपोटी १५ ऑक्टोबर २०२५ या तारखेचा, तिच्या नावाचा, ‘अकाउंट पेयी’ म्हणून रेखांकित केलेला धनादेश दिला. किराणा व्यापाऱ्याची उधारी ती रोखीनेही फेडू शकली असती, आणि त्या व्यापाऱ्याची तशी तयारीही होती. पण मोठे पीठ मळण्याचे यंत्र घेण्यासाठी तिला मुद्रा योजनेतून किशोर गटातील, म्हणजे ५०,००० रुपयांच्या वरचे कर्ज मागायचे होते आणि त्यासाठी हंगामाची उलाढाल खातेउताऱ्यावर दिसणे तिला आवश्यक वाटत होते. तिचा हा विचार मला अगदी योग्य वाटतो. डब्यातून डब्यात फिरलेला पैसा कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला दिसत नाही.

ॲपमधील मदतकक्षाने तिला लेखी उत्तर दिले की रोख रक्कम भागीदार बँकेच्या कोणत्याही शाखेत भरता येईल आणि धनादेश शाखेत द्यावा किंवा बंगळुरू येथील पत्त्यावर कुरिअरने पाठवावा. वाईत त्या बँकेची शाखा नव्हती. जवळची शाखा साताऱ्यात, साधारण ३५ किलोमीटरवर. २१ आणि २२ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदेमुळे महाराष्ट्रात बँकांना सुट्टी होती आणि २५ तारखेला चौथा शनिवार होता. त्यामुळे भाऊबीजेच्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, ती पिशवीत रोकड घेऊन एसटीने साताऱ्याला गेली.

शाखेतील रोखपालाने खाते क्रमांक संगणकात टाकला. भरणा स्वीकारला गेला नाही. “ताई, हे खातं ॲपवरून उघडलेलं आहे, त्याला मर्यादा आहे, तुम्ही ॲपवाल्यांशी बोला,” एवढे तो म्हणाला. ॲपच्या चॅटवर विचारल्यावर उत्तर आले की भरण्याच्या तक्रारीसाठी शाखेशी संपर्क साधावा. शाखेच्या दारातील कॅश मशिननेही, म्हणजे रोख भरण्याच्या यंत्रानेही, नोटा परत केल्या. ती संध्याकाळी तीच पिशवी घेऊन घरी परतली. सणाच्या गर्दीत एवढी रोकड सांभाळत केलेला तो प्रवास तिच्या चांगलाच जिवावर आला होता.

खाते नेमके कोणाचे

अशा प्रकरणात मी पहिली गोष्ट पाहतो ती खात्याचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा संकेतांक. त्याची पहिली चार अक्षरे खाते कोणत्या बँकेत आहे हे सांगतात. ॲपवर नाव, रंग आणि चिन्ह कोणाचेही असो, असे खाते तंत्रज्ञान कंपनीला स्वतः चालवता येत नाही, ते परवानाधारक बँकेतच असते. केवळ डिजिटल स्वरूपात चालणाऱ्या बँकेसाठी वेगळा परवाना असावा असा प्रस्ताव नीती आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये चर्चेसाठी मांडला आणि जुलै २०२२ मध्ये त्यावर अहवालही प्रसिद्ध केला, पण हे प्रकरण घडेपर्यंत रिझर्व्ह बँकेने असा परवाना निर्माण केलेला नव्हता. त्यामुळे ज्याला लोक ‘ॲप बँक’ म्हणतात, ती एकतर एखाद्या नेहमीच्या बँकेची स्वतःची डिजिटल सेवा असते, किंवा पेमेंट बँक असते, किंवा बँकेशी करार केलेली एक तंत्रज्ञान कंपनी असते. या महिलेचे खाते तिसऱ्या प्रकारातले होते.

यातून दोन गोष्टी निघतात. ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण मिळते ते त्या बँकेच्या नावावर, ॲपच्या नावावर नाही. आणि बँकेने काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेतले असले, तरी ग्राहकाप्रती जबाबदारी बँकेचीच राहते. “ॲपवाल्यांशी बोला” हे शाखेचे उत्तर म्हणूनच अपुरे होते. भरणा नाकारणे बरोबर होते, पण नाकारण्याचे कारण सांगणे हे शाखेचे कर्तव्य होते.

खरी अडचण अंतराची नव्हती

तिला, तिच्या पुतण्याला आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनाच वाटत होते की गावात शाखा नाही म्हणून हा त्रास होतो आहे. शाखा घराच्या समोर असती, तरी ही रक्कम त्या खात्यात भरली गेली नसती. प्रत्यक्ष न भेटता, केवळ आधार ओटीपीच्या आधारे उघडलेल्या खात्यांवर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, निर्देशांनुसार तीन बंधने असतात. अशा ग्राहकाच्या सर्व ठेव खात्यांतील एकूण शिल्लक कोणत्याही वेळी १ लाख रुपयांपेक्षा जास्त असता कामा नये. एका आर्थिक वर्षात सर्व ठेव खात्यांत मिळून जमा होणारी रक्कम २ लाख रुपयांपेक्षा जास्त असता कामा नये. आणि एका वर्षाच्या आत पूर्ण केवायसी झाली नाही, तर खाते बंद करावे लागते.

यातील दुसरे बंधन लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ॲपच्या पहिल्या पडद्यावर शिल्लक दिसते, वर्षभरातील जमा दिसत नाही. मी तिच्याकडून १ एप्रिलपासूनचा उतारा काढून घेतला. आईस्क्रीमच्या कोनापासून पापडापर्यंत उन्हाळ्यात विकलेल्या मालाचे आणि दिवाळीच्या आगाऊ रकमांचे मिळून साधारण १,६२,००० रुपये यूपीआयने जमा झाले होते. त्यातले बहुतेक तेल, बेसन आणि मदतनीस बायकांच्या मजुरीपोटी खर्चही झाले होते आणि खात्यात ११,४०० रुपयेच शिल्लक होते. त्यामुळे खाते जवळजवळ रिकामे आहे अशी तिची समजूत होती, आणि ती स्वाभाविकही होती. पण नियमात जमा मोजली जाते. खर्च झालेली रक्कम त्यातून वजा होत नाही. पुढच्या ३१ मार्चपर्यंत त्या खात्यात आणखी ३८,००० रुपयेच येऊ शकत होते. ६८,००० ची रोकड त्यात बसत नव्हती. ९२,५०० चा धनादेश तर वर्षाच्या जमेच्या मर्यादेतही बसत नव्हता आणि शिल्लक रकमेच्या मर्यादेतही नाही, कारण ११,४०० मध्ये तो मिळवला की बेरीज १,०३,९०० होते.

शिवाय डिसेंबर जवळ आला होता. वर्ष पूर्ण होण्याआधी पूर्ण केवायसी झाली नसती, तर क्यूआर कोड लावलेले तेच खाते बंद होण्याची वेळ आली असती. ॲपने याची सूचना पाठवली होती, पण ती सवलतीच्या जाहिरातींच्या रांगेत, त्याच आवाजाने आणि त्याच रंगात आली होती. माझ्या मते हा आराखड्यातील गंभीर दोष आहे. खाते बंद होण्याची सूचना आणि बिर्याणीवरची सूट यांत ग्राहकाला फरक दिसला पाहिजे.

रोख रकमेसाठी कोणते मार्ग होते

खाते पूर्ण केवायसीचे असते, तर रोख भरण्याचे काही मार्ग खुले राहिले असते. ज्यांचे खाते तसे आहे त्यांना त्यांचा उपयोग आहे, म्हणून ते येथे तपासतो. पहिला मार्ग मूळ बँकेच्या कोणत्याही शाखेचा. दुसरा त्या बँकेच्या कॅश मशिनचा. मशिनमध्ये एका वेळी किती नोटा टाकता येतील, याची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी असते आणि हंगामात गोळा झालेल्या मळक्या, दुमडलेल्या नोटा मशिन वारंवार परत करते. फराळाच्या व्यवसायातील रोकडीत तेलकट हातांतून गेलेल्या नोटा बऱ्याच असतात, हा अनुभवाचा भाग आहे.

तिसरा मार्ग नवा आहे. यूपीआय वापरून दुसऱ्या बँकेच्या कॅश मशिनमध्ये डेबिट कार्डाशिवाय रोख भरण्याची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केली आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईतील ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये ती सुरू झाली. शाखा नसलेल्या खात्यांसाठी हा मार्ग अत्यंत उपयोगी ठरू शकतो. मात्र त्यासाठी मशिनची मालक असलेली बँक आणि खात्याची बँक या दोघीही त्या व्यवस्थेत सहभागी असाव्या लागतात. या महिलेने वाईतील ज्या मशिनवर प्रयत्न केला, तेथे हा पर्याय पडद्यावरच नव्हता. डिजिटल बँकिंग युनिट, म्हणजे बँकेचे मुख्यतः यंत्रांवर चालणारे सेवा केंद्र, हा आणखी एक पर्याय लोक सुचवतात. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात अशी ७५ युनिटे सुरू झाली. पण तेथेही नियमानुसार रोख काउंटरवर घेतली जात नाही, मशिनमार्फतच स्वीकारली जाते.

गावातील बँक मित्र किंवा ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढता येतात हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे पैसे भरताही येतील असे गृहीत धरले जाते. ज्या बँकेचा तो प्रतिनिधी आहे, त्या बँकेच्या खात्यात तो सहसा भरून देतो. दुसऱ्या बँकेच्या, तेही ॲपवरून उघडलेल्या खात्यात मात्र बहुधा नाही. वाईतील दोन्ही केंद्रांनी तिला नकार दिला. दोघांनीही तो सरळपणे दिला, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला आहे. तेथील मोन्झो या ॲप बँकेचे ग्राहक पेपॉइंट या पैसे भरण्याच्या सेवेचे यंत्र असलेल्या किराणा दुकानांत ठरलेल्या मर्यादेत रोख भरतात आणि त्यासाठी शुल्क देतात, तर स्टार्लिंग बँकेचे ग्राहक पोस्टाच्या काउंटरवर रोख भरतात. आपल्याकडे पोस्टाचे जाळे त्याहून मोठे आहे, पण कोणत्याही ॲपवरच्या खात्याचा भरणा पोस्टाच्या खिडकीवर होईल अशी सर्वसाधारण व्यवस्था या प्रकरणाच्या वेळी उपलब्ध नव्हती. ती व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. तालुक्याच्या गावात आणि त्याखालच्या खेड्यांत पोस्ट आहे आणि पोस्टमनवर लोकांचा विश्वास आहे.

ज्या मार्गाने ती जवळजवळ गेली होती

साताऱ्याहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी एका ओळखीच्या माणसाने तिला उपाय सुचवला. रोकड माझ्याकडे दे, मी शेकडा एक रुपया कापून तेवढी रक्कम तुझ्या यूपीआयवर टाकतो. नेमक्या याच टप्प्यावर तिने बचत गटाच्या बैठकीत विषय काढला आणि तो माझ्यापर्यंत आला.

हा व्यवहार करू नये असे मी तिला ठामपणे सांगितले आणि त्यामागची कारणेही समजावली. रोख देऊन यूपीआय घेणारा माणूस आपल्याला जे पैसे पाठवतो, ते त्याच्या खात्यात कुठून आले हे आपल्याला दिसत नाही. सायबर फसवणुकीतील पैसा रोखीत बदलण्यासाठी टोळ्या नेमकी हीच पद्धत वापरतात. फसवलेल्या व्यक्तीने १९३० या क्रमांकावर तक्रार केली, की पैशांचा माग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काढला जातो आणि वाटेतील खात्यांतील रक्कम गोठवली जाते. वाईतील फराळवालीचे खाते दुसऱ्या राज्यातील पोलिस ठाण्याच्या पत्रावरून गोठले, तर ते सोडवण्यासाठी तिने कोणाकडे जायचे? तिने कोणताही गुन्हा केलेला नसेल, पण रोख दिल्याचा पुरावाही तिच्याकडे नसेल. दुसरे कारण कर्जाचे. खातेउताऱ्यावर एका अनोळखी माणसाकडून आलेली ६८,००० ची एकरकमी जमा म्हणजे फराळाची विक्री, हे कोणताही कर्ज अधिकारी सहज मान्य करणार नाही. आणि तिसरे म्हणजे, वर सांगितलेल्या २ लाखांच्या मर्यादेमुळे तो पैसा त्या खात्यात पूर्ण जमाही होऊ शकला नसता.

पुतण्याने आणखी एक युक्ती काढली होती. “काकू, पन्नास हजारांच्या आत दोन दिवस भरू, म्हणजे पॅन लागणार नाही.” एका दिवसात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख भरताना त्या वेळी पॅन द्यावा लागत होता हे खरे आहे. पण जिच्याकडे पॅन आहे, जिची कमाई कष्टाची आहे आणि जिला ती उलाढाल दाखवायचीच आहे, तिने रक्कम तोडून भरण्यात काहीही साधत नाही. उलट मर्यादेच्या किंचित खाली तोडून केलेले भरणे बँकांच्या तपासणीत संशयास्पद म्हणून पुढे येतात. मागण्यांची वही, त्यातली नावे आणि रकमा तिच्याकडे नीट लिहिलेल्या होत्या. तीच वही तिची खरी ताकद होती.

धनादेशाचा प्रश्न

धनादेशाबद्दल तिचा पहिला प्रश्न होता, “फोटो काढून पाठवता येत नाही का?” प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत २००३ च्या ‘चेक २१’ कायद्याने धनादेशाच्या प्रतिमेवरून छापलेल्या पर्यायी धनादेशाला मूळ धनादेशाचे स्थान मिळाले आणि त्यानंतर तेथे मोबाइलने फोटो काढून धनादेश भरणे रूढ झाले. ब्रिटनमध्ये प्रतिमेवर आधारित क्लिअरिंग, म्हणजे बँकांमधील धनादेशांची वटवणी, ऑक्टोबर २०१७ पासून सुरू झाले. आपल्याकडेही धनादेशाचा कागद आता बँकांमध्ये फिरत नाही. चेक ट्रंकेशन पद्धतीत, म्हणजे सीटीएसमध्ये, प्रतिमाच फिरते. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत सप्टेंबर २०२१ पर्यंत देशातील सर्व शाखांना लागू करण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने दिले होते.

मग ग्राहकाचा फोटो का चालत नाही? कारण प्रतिमा घेण्याची जबाबदारी धनादेश सादर करणाऱ्या बँकेवर आहे. धनादेशाच्या पुढच्या बाजूची करड्या छटांतील एक, पुढच्या आणि मागच्या बाजूंची काळ्या-पांढऱ्या रंगांतील प्रत्येकी एक, अशा तीन प्रतिमा ठरलेल्या मापदंडाने घेतल्या जातात. एमआयसीआरची, म्हणजे धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेल्या क्रमांकांची, माहिती वाचली जाते आणि अतिनील प्रकाशात कागदावरच्या खुणा तपासता येतात. मूळ कागद सादर करणाऱ्या बँकेने १० वर्षे जपून ठेवायचा असतो आणि संशय आला तर पैसे देणारी बँक तो मागू शकते. ग्राहकाच्या हातात मूळ धनादेश राहिला, तर तो दुसऱ्यांदा दुसऱ्या बँकेत भरला जाण्याचा धोका उरतो. म्हणून ॲपवरच्या खातेदारालाही आपल्याकडे कागद प्रत्यक्ष कुठेतरी नेऊन द्यावाच लागतो.

कुरिअरने बंगळुरूला पाठवण्याचा सल्ला मी नाकारायला सांगितला. धनादेश बँकेच्या हाती पोहोचेपर्यंत गहाळ झाला, तर जोखीम पाठवणाऱ्याची असते. धनादेशाची मुदत तारखेपासून तीन महिने असते, म्हणजे हा धनादेश जानेवारीच्या मध्यापर्यंतच चालणार होता. तो हरवला असता, तर पतसंस्थेला विनंती करून जुन्याचे पैसे थांबवणे आणि नवा काढून घेणे यात संचालक मंडळाची बैठकही आली असती. मुदत उलटून सादर झालेला धनादेश परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा, म्हणजे न वटलेल्या धनादेशाबद्दलच्या कायदेशीर कारवाईचा, आधारही घेता येत नाही.

नवऱ्याच्या खात्यात भरण्याचा विचारही तिने केला होता. ‘अकाउंट पेयी’ धनादेश ज्याच्या नावाचा असेल, त्याच्याच खात्यात जमा होतो. तिसऱ्या व्यक्तीच्या खात्यात तो जमा करण्यास रिझर्व्ह बँकेची बंदी आहे आणि पती-पत्नी असल्याने त्यात फरक पडत नाही. पतसंस्थेने धनादेश गृहउद्योगाच्या नावाने न काढता तिच्या वैयक्तिक नावाने काढला होता, हे मात्र सुदैवाचे होते. अन्यथा तो कोणत्याही बचत खात्यात जमा होणे कठीण झाले असते.

काय केले

तिच्या नावावर आणखी एखादे खाते आहे का, असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने आठवण निघाली की शिष्यवृत्तीसाठी मुलीच्या शाळेच्या वेळी वाईतच एका राष्ट्रीयीकृत बँकेत खाते काढले होते. पासबुक सापडले. दोन वर्षांहून अधिक काळ तिने त्यात काहीच व्यवहार केला नव्हता, त्यामुळे ते निष्क्रिय ठरले होते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार असे खाते पुन्हा सुरू करण्यासाठी बँक शुल्क घेऊ शकत नाही, किमान शिल्लक नसल्याचा दंड लावू शकत नाही आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत काम झाले पाहिजे. लोक जुनी खाती ‘दंड वाढला असेल’ या भीतीने टाळतात, म्हणून ही तरतूद सर्वांना माहीत असावी असे मला वाटते.

सोमवार, २७ ऑक्टोबरला तिने आधार, पॅन आणि छायाचित्र देऊन अर्ज केला. बुधवारी खाते सुरू झाले. गुरुवारी सकाळी तिने ६८,००० रुपयांची रोकड एकाच भरणा स्लिपने, पॅन लिहून भरली. स्लिपच्या मागे नोटांची फोड लिहिली आणि शिक्का मारलेला अर्धा भाग मागण्यांच्या वहीत चिकटवला. धनादेश पेटीत टाकायला शिपायाने सांगितले होते. मी तिला आधीच सांगून ठेवले होते की धनादेश काउंटरवर देऊन पोच मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि शाखा ती नाकारू शकत नाही. तिने शांतपणे ती मागितली आणि “मॅडम, स्लिपवर सही-शिक्का द्या” एवढ्यावर काम झाले. पोच का महत्त्वाची? धनादेश शाखेतून गहाळ झाला, तर तो आपण दिला होता हे सिद्ध करणारा दुसरा कागद नसतो.

४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे क्लिअरिंग दिवसातून ठरावीक फेऱ्यांत न होता सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत अखंड सुरू झाले होते आणि पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार कळवायचा, न कळवल्यास धनादेश मंजूर धरायचा, अशी व्यवस्था पहिल्या टप्प्यात लागू झाली होती. तिचा धनादेश दुपारच्या आत सादर झाला. जमेचा संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कागद योग्य काउंटरवर पोहोचल्यानंतरचा भाग आता वेगवान आहे. वेळ लागतो तो त्या काउंटरपर्यंत पोहोचण्यातच.

५ नोव्हेंबरला तिच्या जुन्या पिठाच्या गिरणीचा १४,८०० रुपयांचा हप्ता ॲपवरच्या खात्यातून आपोआप वजा होणार होता आणि तेथे ११,४०० च होते. वाईच्या खात्यातून आयएमपीएसने, म्हणजे लगेच पैसे पोहोचवणाऱ्या बँक सेवेने, ५,००० रुपये तिकडे पाठवले. ही रक्कमही वर्षाच्या जमेत मोजली जाणार होती, त्यामुळे गरजेपुरतीच पाठवली.

मग पूर्ण केवायसीचे काम हाती घेतले. जानेवारी २०२० पासून बँकांना ती व्हिडिओ कॉलवरून करण्याची परवानगी आहे. हा कॉल बँकेच्याच अधिकाऱ्याने करायचा असतो, ग्राहक त्या वेळी भारतात असल्याची स्थळनोंद घेतली जाते आणि मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर दाखवावे लागते. मोबाइलवर पॅनचा फोटो दाखवून चालत नाही. तिचा पहिला कॉल रेंजअभावी तुटला. दुसऱ्या वेळी गणपती घाटाजवळच्या तिच्या बहिणीच्या घरून तो पूर्ण झाला आणि नोव्हेंबर संपण्याआधी दोन्ही मर्यादा उठल्या. व्हिडिओवर अनोळखी माणसाला कागद दाखवण्याची तिला धास्ती होती, ती मला योग्यच वाटली. म्हणून कॉल फक्त ॲपच्या आतून सुरू करायचा, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून कधीच नाही आणि कॉलवर ओटीपी किंवा पिन कोणी मागितला तर तिथेच थांबायचे, हे आधी ठरवून घेतले होते.

दोन खात्यांची आजची वाटणी

यूपीआयची किरकोळ विक्री आणि गिरणीचा हप्ता ॲपवरच्या खात्यातच आहेत. रोख आणि धनादेश वाईच्या खात्यात जातात. मुद्राचा अर्ज तिने त्याच शाखेत केला, कारण हंगामाचा भरणा तेथील उताऱ्यावर होता आणि यंत्राची पाहणी करायला येणारा अधिकारीही त्याच शाखेचा असणार होता. सर्व व्यवहार एकाच खात्यात हवेत असा तिचा सुरुवातीचा आग्रह होता. मी तिला दोन्ही उतारे एकत्र जोडायला सांगितले, आणि कर्ज अधिकाऱ्याने ते स्वीकारले. व्यवसाय आणखी वाढला, तर बचत खात्याऐवजी चालू खाते उघडावे लागेल, हेही तिच्या कानावर घातले आहे.

एक तक्रार मात्र आम्ही केली, आणि ती ॲपच्या चॅटवर न करता मूळ बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी केली. मुद्दा एकच होता. आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्याची धारक रोख कुठे भरायची असे विचारते, तेव्हा ‘कोणत्याही शाखेत’ हे उत्तर अपुरे आहे, आणि चालू वर्षात आणखी किती रक्कम जमा करता येईल ते त्याच ठिकाणी दाखवले गेले पाहिजे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या त्या वेळी लागू असलेल्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली जाता येईल, हे तिला सांगून ठेवले होते. उत्तर मुदतीत आले. मर्यादा खाते उघडतानाच्या अटींमध्ये नमूद होती असे बँकेने कळवले आणि भरण्याच्या सूचनांमध्ये ती ठळकपणे देण्याचा मुद्दा कंपनीकडे पाठवल्याचेही सांगितले. पुढील आर्थिक वर्ष सुरू होईल तेव्हा त्या पडद्यावर काय लिहिले आहे ते पाहून, बदल झाला नसेल तर पुन्हा लिहिण्याचे आम्ही ठरवले आहे.